हक्कभंगाची धमकी आणि सभागृहाचा शिक्षेचा अधिकार : कळव्याहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

कळव्यात छोटे साप्ताहिक चालवणाऱ्या एका संपादकांचा प्रश्न माझ्यासमोर आहे. त्यांच्या भागातील पाणीटंचाईवर आपण विधानसभेत लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) मांडली, असे स्थानिक आमदारांनी एका कार्यक्रमात सांगितले. संपादकांनी त्या अधिवेशनाच्या कार्यवाहीचा वृत्तांत चाळला, त्यात तशी लक्षवेधी सापडली नाही, आणि ‘लक्षवेधी गेली कुठे?’ या मथळ्याखाली त्यांनी लेख छापला. लेखाच्या शेवटी ‘आमदार सभागृहात झोपा काढायला जातात’ असे एक वाक्यही होते. पुढच्याच आठवड्यात आमदारांनी जाहीर सभेत ‘याच्यावर हक्कभंग आणतो, आठ दिवस आत बसवतो’ असे सुनावले आणि त्यानंतर एका नगरसेवकाने महापालिकेच्या महासभेत हक्कभंग आणण्याची भाषा केली. संपादक विचारतात की, सभागृह एखाद्या सामान्य नागरिकाला खरोखर तुरुंगात पाठवू शकते का, तसे झाले तर न्यायालयात दाद मागता येते का, आणि वेळीच माफी मागून मोकळे व्हावे का.

मी गेली तीस वर्षे ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतो. या काळात विशेषाधिकारभंगाच्या, म्हणजे बोलीतल्या हक्कभंगाच्या, मोजक्याच प्रकरणांत मी खुलासे लिहून दिले आहेत, कारण अशी प्रकरणे मुळातच थोडी असतात. मात्र त्यांची धमकी ठाणे, नवी मुंबई परिसरात वरचेवर ऐकू येते. थोडक्यात उत्तर असे की, विधानसभेला हा अधिकार आहे, तो खरा आहे आणि बाहेरच्या माणसालाही लागू होतो; न्यायालयाचे दार मात्र बंद नाही; आणि घाईने मागितलेली सरसकट माफी हा आपल्या प्रकरणात योग्य मार्ग नाही. महापालिकेला असा कोणताही अधिकार नाही. आता हे सविस्तर सांगतो.

पालिकेचा मुद्दा आधी संपवू, कारण तो सोपा आहे. ठाणे असो वा नवी मुंबई, महापालिका ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून जन्मलेली संस्था आहे आणि त्या कायद्याने जेवढे दिले तेवढेच अधिकार तिला आहेत. सभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्याला आवरण्याचे आणि सभेची शिस्त राखण्याचे अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला असतात. सभेबाहेरच्या पत्रकाराला बोलावून त्याला अवमानाची शिक्षा देण्याचा अधिकार महासभेला नाही, आणि जिल्हा परिषदेलाही नाही. नगरसेवकाला आपली बदनामी झाली असे वाटत असेल, तर त्याने इतर कोणत्याही नागरिकाप्रमाणे न्यायालयात बदनामीचा खटला भरावा. महासभेत ‘हक्कभंग’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण त्यामागे कायद्याचे काहीही बळ नसते.

विधानसभेची गोष्ट वेगळी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ मध्ये राज्य विधानमंडळाच्या सभागृहांचे, सदस्यांचे आणि समित्यांचे विशेषाधिकार सांगितले आहेत. संसदेसाठी तसाच अनुच्छेद १०५ आहे. सदस्य सभागृहात काय बोलला किंवा त्याने कोणाला मत दिले, यावरून त्याच्याविरुद्ध न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही, हे पहिल्या दोन खंडांत स्पष्ट लिहिले आहे. अडचण तिसऱ्या खंडात आहे. बाकीचे विशेषाधिकार विधानमंडळ वेळोवेळी कायद्याने ठरवील, आणि तोवर ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला (तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला) राज्यघटना लागू होताना जे विशेषाधिकार होते तेच आपल्या सभागृहांना असतील, असे त्यात म्हटले होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचे नाव मजकुरातून काढले, पण आशय तोच राहिला, कारण दुरुस्तीच्या आदल्या क्षणी जे अधिकार होते तेच पुढे चालू ठेवले गेले. ही तात्पुरती सोय होती. पंचाहत्तर वर्षे होऊन गेली, तरी विशेषाधिकार नेमके कोणते, अवमान कशाला म्हणायचे आणि शिक्षेची कमाल मर्यादा किती, हे सर्व एका जागी सांगणारा कायदा संसदेने केलेला नाही. त्यामुळे आज कोणी मला ‘कोणत्या कलमाखाली?’ असे विचारले, तर बोट ठेवायला कलम नसते. जुने दाखले आणि न्यायालयांचे निर्णय हेच हाती असते.

बोलीत आपण ज्याला हक्कभंग म्हणतो त्यात खरे तर दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सभागृहाचा किंवा सदस्याचा एखादा ठराविक, आधीपासून मान्य असलेला अधिकार मोडणे हा विशेषाधिकारभंग. सदस्याला सभागृहात जाण्यापासून अडवणे, कामकाजातून वगळलेला मजकूर छापणे, समितीचा अहवाल सभागृहात सादर होण्याआधीच फोडणे, ही त्याची उदाहरणे. सभागृहाचा अवमान ही त्याहून बरीच पसरट कल्पना आहे: सभागृहाच्या, समितीच्या किंवा सदस्याच्या कामात अडथळा आणणारी अथवा तसा अडथळा येण्याची शक्यता निर्माण करणारी कोणतीही कृती तिच्यात येऊ शकते, मग त्यासाठी आधीचा दाखला असो वा नसो. पत्रकारांवरील बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या प्रकारची असतात आणि म्हणूनच ती धोक्याची असतात.

न्यायालयाच्या अवमानाशी तुलना केली की हा फरक लगेच कळतो. १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमात अवमानाची व्याख्या आहे, सहा महिन्यांची साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड ही कमाल मर्यादा आहे, अपिलाची तरतूद आहे, आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर लोकहितासाठी व सद्भावनेने सांगितलेले सत्य हा बचावही न्यायालय ग्राह्य धरू शकते. सभागृहाच्या अवमानाला यांपैकी काहीही नाही. जो दुखावला तोच न्याय करतो, हा आक्षेप न्यायालयाच्या अवमानावरही घेतला जातो. पण तिथे निदान कुंपण घातलेले आहे.

सभागृह शिक्षा खरोखर देते का, तर देते. १९६१ मध्ये ‘ब्लिट्झ’चे संपादक आर. के. करंजिया यांना आचार्य कृपलानींवरील लेखाबद्दल लोकसभेत उभे करून समज देण्यात आली. डिसेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधी यांना लोकसभेने सदस्यत्वातून काढले आणि सत्र संपेपर्यंत कारावास दिला. त्यांची रवानगी तिहारमध्ये झाली. पुढच्या लोकसभेने १९८१ मध्ये तो ठराव रद्द केला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८७ मध्ये तमिळनाडू विधानसभेने ‘आनंद विकटन’च्या संपादकांना मुखपृष्ठावरील व्यंगचित्रासाठी तीन महिन्यांची शिक्षा ठोठावली, आणि काही दिवसांत त्यांना सोडावे लागले. त्याच विधानसभेने नोव्हेंबर २००३ मध्ये ‘द हिंदू’च्या पत्रकारांना पंधरा दिवसांची कैद दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत तिला स्थगिती दिली. आपल्याकडे २००८ मध्ये राज्याचे तत्कालीन निवडणूक आयुक्त नंदलाल यांना महाराष्ट्र विधानसभेने दोन दिवसांची शिक्षा दिली. मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने २००४ मधील एका लाठीमाराबद्दल सहा पोलिसांना सभागृहासमोर उभे करून मध्यरात्रीपर्यंतची कैद सुनावली. घटना आणि शिक्षा यांत अठरा वर्षांहून अधिक अंतर होते. फौजदारी कायद्यात किरकोळ गुन्ह्यांना मुदत असते, पण इथे मुदतीचे बंधनही घातलेले नाही.

तेव्हा ‘आठ दिवस आत बसवतो’ हे वाक्य हवेतले नाही. तरीही ते बोलणाऱ्या आमदारांना एकट्याने कोणालाच आत बसवता येत नाही. सदस्याने लेखी सूचना द्यावी लागते, अध्यक्षांची संमती लागते, प्रकरण साधारणपणे विशेषाधिकार समितीकडे जाते, समिती खुलासा मागवते, साक्ष नोंदवते आणि सभागृहाला अहवाल देते. समितीचे काम शिफारस करण्यापुरते आहे. शिक्षा सभागृहच देते, आणि तीही ठरावाने. बहुसंख्य सूचना या वाटेवर कुठेतरी थांबतात. माझ्या अनुभवात समितीला माणसाला शिक्षा करण्यापेक्षा प्रकरण सन्मानाने मिटवण्यात अधिक रस असतो.

या विषयावर काही वाचायचेच असेल, तर केशव सिंह प्रकरण वाचावे असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तरुण वकिलाला सांगतो. केशव सिंह हा गोरखपूरचा समाजवादी कार्यकर्ता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी एका आमदारावर भ्रष्टाचाराचा आरोप करणारे पत्रक काढले आणि उत्तर प्रदेश विधानसभेने त्यांना समज देण्याचे ठरवले. दोघे साथीदार लखनौला गेले आणि समज ऐकून परतले. केशव सिंह गेला नाही. प्रवासाला पैसे नाहीत, असे त्याने कळवले. शेवटी त्याला पकडून आणण्यात आले. १४ मार्च १९६४ रोजी तो सभागृहात अध्यक्षांकडे पाठ फिरवून उभा राहिला आणि नाव विचारले तरी एक शब्द बोलला नाही. त्याआधी त्याने अध्यक्षांना पत्र लिहून पत्रकातला मजकूर खराच असल्याचे सांगितले होते आणि समज देण्याच्या निर्णयाचा कडक निषेध केला होता. त्या पत्रासाठी आणि वागणुकीसाठी त्याला सात दिवसांची कैद झाली. इथवर हे एका हट्टी माणसाचे प्रकरण होते. १९ मार्चला बी. सॉलोमन या वकिलांनी लखनौ खंडपीठात अर्ज केला आणि दोन न्यायमूर्तींनी केशव सिंहला अंतरिम जामीन दिला. दोनच दिवसांनी विधानसभेने ठराव केला की केशव सिंह, त्याचे वकील आणि ते दोन्ही न्यायमूर्ती अशा चौघांनी सभागृहाचा अवमान केला आहे आणि त्यांना ताब्यात घेऊन सभागृहासमोर आणावे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पकडून आणण्याचा ठराव! २३ मार्चला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या अठ्ठावीस न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, आणि २६ मार्चला राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठवला.

सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ३० सप्टेंबर १९६४ रोजी मत दिले. ते लिहिले सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी, जे मूळचे साताऱ्याचे आणि आमच्या मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षे न्यायाधीश होते. हाउस ऑफ कॉमन्स हे एके काळी ‘हाय कोर्ट ऑफ पार्लमेंट’चा, म्हणजे न्यायालय म्हणूनही काम करणाऱ्या संसदेचा, भाग होते, आपल्या विधानसभा तशा कधीच नव्हत्या. इंग्लंडात संसद सार्वभौम आहे, इथे घटना सार्वभौम आहे, हा त्या मताचा कणा. कॉमन्सने नुसते ‘अवमान केला’ असे लिहून वॉरंट काढले तर तिथली न्यायालये त्यामागे डोकावत नसत. भारतात तसे चालणार नाही, आणि सभागृहाच्या शिक्षेने ज्याचे स्वातंत्र्य गेले त्याला अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येईल, असे बहुमताने सांगितले. आज आपण ज्या न्यायालयीन दरवाजाबद्दल विचारता, तो या निर्णयाने उघडा राहिला. आणि पुढे काय झाले तेही सांगतो, कारण ते बरेचदा सांगितले जात नाही. मार्च १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने केशव सिंहचा अर्ज गुणदोषांवर फेटाळला आणि उरलेली शिक्षा त्याला भोगावी लागली. दार उघडे असणे आणि आत गेल्यावर निकाल आपल्या बाजूने लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संपादकाच्या दृष्टीने सर्वांत जड निर्णय मात्र त्याआधीचा, १९५८ चा आहे. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाने बिहार विधानसभेतील एका भाषणाचा कामकाजातून वगळलेला भागही छापला. संपादक एम. एस. एम. शर्मा यांनी भाषणस्वातंत्र्याचा आधार घेतला, पण अनुच्छेद १९४ मधील विशेषाधिकारांपुढे तो टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरवले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते. माझ्या मते सुब्बा राव बरोबर होते, परंतु कायदा बहुमताचा चालतो. म्हणून माझा सल्ला असा असतो की, खुलाशात ‘मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे’ एवढ्यावर कोणी विसंबू नये. १९७८ मध्ये आलेला अनुच्छेद ३६१क सभागृहाच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत, द्वेषबुद्धी नसेल तर, छापणाऱ्याला संरक्षण देतो. आपण वृत्तांत वाचून लिहिले आहे, म्हणजे आपल्या लेखाचा मुख्य भाग या संरक्षणाच्या जवळचा आहे. झोपा काढण्याचे वाक्य मात्र त्यात बसत नाही.

न्यायालय हस्तक्षेप कधी करते, याची रेषा २००७ च्या राजा राम पाल निर्णयात आखली गेली. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने अकरा खासदारांना काढले होते; ती कारवाई न्यायालयाने कायम ठेवली, पण नुसत्या प्रक्रियेतील चुकीसाठी नव्हे तर मूलभूत बेकायदेशीरपणा, घटनाभंग, द्वेषबुद्धी असेल तेव्हा आपण तपासू, असेही बजावले. २०१० मध्ये अमरिंदर सिंग यांच्या प्रकरणात पंजाब विधानसभेने केलेली हकालपट्टी रद्द झाली, कारण ज्या कृतीबद्दल शिक्षा दिली तिचा त्या सभागृहाच्या कामकाजाशी संबंधच नव्हता. महाराष्ट्राच्या बारा आमदारांना जुलै २०२१ मध्ये वर्षभरासाठी निलंबित केले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवले; निलंबन चालू सत्रापलीकडे जाऊ शकत नाही, असे सांगितले. हा शिस्तीचा विषय होता, बाहेरच्या माणसाच्या अवमानाचा नव्हे, परंतु सभागृहाच्या सत्तेला काळाचीही सीमा आहे हे तत्त्व दोन्हीकडे उपयोगी पडते. कारावासही सत्रसमाप्तीबरोबर संपतो, ही कॉमन्सची जुनी परंपरा आहे. या कसोटीवर कर्नाटक विधानसभेने २०१७ मध्ये दोन संपादकांना दिलेली एक वर्षाची कैद आणि दहा हजार रुपयांचा दंड मला टिकणारा वाटत नाही. कॉमन्सने शेवटचा दंड १६६६ मध्ये केला होता. जो अधिकार कॉमन्सने १९५० च्या आधी जवळजवळ तीन शतके वापरला नाही, तो तिच्याकडून आपल्याला वारशाने मिळाला, असे म्हणणे कठीण आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय अगदी अलीकडचा आहे. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, सदस्य ज्या विशेषाधिकाराचा दावा करतो त्याचा सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी धागा जुळला पाहिजे, आणि आमदाराची आवश्यक कर्तव्ये पार पाडण्यासाठी त्याची गरज असली पाहिजे. तो खटला लाचेचा होता. मत देण्यासाठी लाच घेणाऱ्याला संरक्षण नाही, असे ठरवताना १९९८ चा नरसिंह राव निर्णय उलटवला गेला. पण ही दुहेरी कसोटी अवमानाच्या प्रकरणात बचावाला तितकीच लागू पडते, असे माझे ठाम मत आहे. हा अधिकार सभागृहाचे काम निर्वेध चालावे म्हणून आहे, आमदाराच्या मानापमानासाठी नाही. म्हणून हक्कभंगाचे कोणतेही पत्र माझ्या टेबलावर आले की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: यामुळे सभागृहाचे कोणते काम अडले?

नवी मुंबईतील एका सार्वजनिक संस्थेचे कार्यकारी अभियंता काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. एका पुलाच्या भूमिपूजनाच्या निमंत्रणपत्रिकेत आमदारांचे नाव राजशिष्टाचारानुसार जिथे हवे तिथे न येता तीन ओळी खाली छापले गेले होते आणि त्यावरून खुलासा मागवणारे पत्र आले होते. अभियंत्यांनी स्वतः अकरा पानांचा खुलासा लिहून आणला होता, त्यात त्यांच्या सव्वीस वर्षांच्या सेवेचा इतिहास होता आणि प्रत्येक पानावर दोनदा क्षमा होती. ते कागद धरताना त्यांचा हात थरथरत होता. मी त्यांना फक्त जावक नोंदवही मागवायला सांगितली. पत्रिका छापायच्या नऊ दिवस आधी आमदारांच्या कार्यालयाला मसुदा पाठवल्याचे पत्र, जावक क्रमांकासह आणि पोच म्हणून मारलेल्या शिक्क्यासह, त्यात निघाले. अकरा पानांचा खुलासा दोन पानांवर आला. त्यात नाव खाली गेल्याबद्दल खेद होता, सभागृहाविषयी पूर्ण आदर होता, आणि हा विषय सभागृहाच्या कामकाजाशी निगडित नसल्याचे एक शांत वाक्य होते. समितीपुढे त्यांना एकच प्रश्न विचारला गेला, मसुदा आधी पाठवला होता का, आणि त्यांनी ते पान उघडून पुढे केले. प्रकरण तिथेच थांबले.

आता आपल्या लेखाकडे वळतो. सदस्याने लक्षवेधीची सूचना देणे, ती स्वीकारली जाणे, ती कामकाजाच्या क्रमात येणे आणि प्रत्यक्ष सभागृहात चर्चेला येणे, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक अधिवेशनात अनेक सूचना दिल्या जातात आणि त्यांतील मोजक्याच चर्चेपर्यंत पोचतात. वृत्तांतात लक्षवेधी नाही याचा अर्थ ती मांडली गेली नाही. पण सूचनाच दिली गेली नव्हती, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या लेखात ‘मांडली नाही’ असे लिहिले असेल तर आपण भक्कम जागी आहात. ‘सूचनाही दिली नाही, खोटे बोलले’ असे लिहिले असेल तर ते आधी दुरुस्त करावे. झोपा काढण्याचे वाक्य माझ्या मते माघारी घेण्यासारखे आहे. त्याने सभागृहाचे काम अडले असे मी मानत नाही, परंतु सदस्याच्या सभागृहातील वर्तनावर पुराव्याविना ठपका ठेवणे हा अवमानाच्या कल्पनेचा जुना भाग आहे, आणि आपल्या खऱ्या मुद्द्याला त्या वाक्याची काहीच गरज नव्हती. आमदारांनी बाहेरच्या कार्यक्रमात केलेल्या दाव्याची चिकित्सा मात्र आपण निर्धास्तपणे करू शकता. ते विधान त्यांनी सभागृहात केलेले नाही. त्याला विशेषाधिकाराचे कवच नाही. त्यावरून बदनामी झाली असे त्यांना वाटले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली त्यांना न्यायालयाचा मार्ग आहे, आणि तिथे सत्य व लोकहित हा बचाव आपल्यालाही आहे.

म्हणून माफीबद्दल माझे उत्तर असे: ज्या वाक्याला आधार नाही त्याबद्दल पुढच्या अंकात, त्याच पानावर, स्पष्ट दिलगिरी छापावी, जे तपासून लिहिले आहे त्यातले एक अक्षरही मागे घेऊ नये. ‘संपूर्ण लेखाबद्दल बिनशर्त माफी’ छापली की पाणीटंचाईचा मुद्दाही आपण स्वतःच खोटा ठरवतो. सभागृहाने प्रामाणिक खेद स्वीकारून प्रकरणे मिटवल्याची परंपरा मोठी आहे, आणि खेद स्वीकारला जाण्यासाठी तो सर्वच गोष्टींबद्दल असावा लागत नाही.

विधानमंडळाच्या सचिवालयाकडून खरोखरच पत्र आले, तर पाकीट टाकून देऊ नये. कोणत्या तारखेला मिळाले ते त्यावर लिहून ठेवावे, कारण खुलाशाची मुदत तिथून मोजली जाते. मुदत अपुरी असेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागावी. गप्प बसणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण मूळ लेखापेक्षा समितीच्या आदेशाची अवज्ञा सिद्ध करणे सोपे असते. केशव सिंहलाही कैद झाली ती मूळ पत्रकाबद्दल नव्हे. समितीसमोर वकील नेणे हा आपला हक्क नाही, समितीच्या परवानगीचा विषय आहे, पण खुलासा वकिलाकडून तपासून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. बैठक मुंबईत विधान भवनात असू शकते, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरलाही बोलावणे येऊ शकते. प्रवास जमत नसेल तर कारण देऊन दुसरी तारीख मागावी. समितीचे कामकाज अहवाल सादर होईपर्यंत गोपनीय असते. आपण संपादक आहात म्हणून हे आवर्जून सांगतो: समितीत काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, हे आपल्याच साप्ताहिकात छापलेत तर ज्या प्रकरणातून सुटण्याची शक्यता होती त्यात नवा, आणि या वेळी खरा, विशेषाधिकारभंग होईल.

ही गोपनीयता न्यायालयापर्यंत पोचत नाही, हे मात्र २०२० मध्ये स्पष्ट झाले. ठाण्याच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघाचे आमदार प्रताप सरनाईक यांनी दूरचित्रवाणी संपादक अर्णब गोस्वामी यांच्याविरुद्ध विधानसभेत विशेषाधिकारभंगाची सूचना दिली होती. गोस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, सभागृहाचा गोपनीय पत्रव्यवहार परवानगीविना न्यायालयात का सादर केला, अशी विचारणा करणारे पत्र सचिवालयातून त्यांना गेले. ६ नोव्हेंबर २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने त्या पत्राची गंभीर दखल घेतली, न्यायालयात येणाऱ्याला धाक दाखवल्यासारखे ते आहे असे मत नोंदवून अवमानाची नोटीस काढली, आणि गोस्वामींना त्या प्रकरणात अटकेपासून संरक्षण दिले. त्यांची पत्रकारिता कोणाला आवडो न आवडो, त्या दिवशी मिळालेला दिलासा कळव्याच्या चार पानी साप्ताहिकालाही तितकाच लागू आहे. आपल्याला आलेले पत्र आपण आपल्या वकिलाला आणि न्यायालयाला दाखवू शकता.

तरीही केवळ सूचना दिली गेली किंवा खुलासा मागवला गेला, एवढ्यावर उच्च न्यायालयात धाव घेऊ नये. त्या टप्प्यावर न्यायालये बहुधा थांबायला सांगतात, आणि सभागृहाच्या प्रक्रियेतील उणिवांवरून न्यायालयात प्रश्न उभा करण्यास मनाई करणाऱ्या अनुच्छेद २१२ मुळे अशा उणिवांवर लढत बसणे फळत नाही. स्वातंत्र्य जाण्याची वेळ आली, बाजू मांडायलाच दिली नाही, किंवा सभागृहाच्या कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीसाठी ठराव झाला, तर एक दिवसही दवडू नये. ठराव आणि वॉरंट यांची प्रत मागावी. कशाबद्दल शिक्षा दिली हे त्यात लिहिलेले नसेल, तर तोच पहिला मुद्दा ठरतो.

विशेषाधिकार कायद्याने निश्चित करावेत, असे घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये सुचवले होते. लोकसभेच्या विशेषाधिकार समितीने २००८ मध्ये त्याची गरज नसल्याचे म्हटले. ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये संसदेने एका स्थानिक वृत्तपत्राशी संबंधित दोघांना तीन महिने तुरुंगात टाकले होते; त्या देशाने १९८७ मध्ये कायदा करून व्याख्या, कमाल सहा महिन्यांची कैद आणि दंडाची मर्यादा ठरवली, आणि तिथल्या संसदेचे काही बिघडले नाही. ज्या कॉमन्सकडून आपण हा अधिकार घेतला, तिने १८८० नंतर कोणालाही कैदेत पाठवलेले नाही. आपली सभागृहे दुबळी आहेत म्हणून त्यांना तुरुंगाची सत्ता हवी, असे मला वाटत नाही, आणि हा कायदा व्हावा यासाठी ठाण्यातल्या प्रत्येक आमदाराने आवाज उठवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्यापुरते या आठवड्यात करण्यासारखे काम एक आहे. आमदारांच्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह साधे पत्र लिहा: लक्षवेधीची सूचना कोणत्या तारखेला दिली, ती स्वीकारली गेली का आणि तिच्यावर उत्तर आले का, एवढेच विचारा. उत्तर आले तर ते जसेच्या तसे, पहिल्या पानावर, झोपेच्या वाक्याबद्दलच्या दिलगिरीसोबत छापा. उत्तर आले नाही तर पोस्टाची पावती जपून ठेवा. खुलासा लिहायची वेळ आलीच, तर त्याला जोडायचा पहिला कागद तोच असेल.